बिनदुधाचा चहा

"दुभती म्हस दारात, अन् च्या कोरा. कुणाच्या घरी करत्यात असं?" बयाबाई पुटपुटली. पुटपुटली म्हणजे चुलीपाशी बसलेल्या सुनेच्या कानापासून वीतभरावर, पदरात तोंड घालून. कुणी ऐकूच नये असं काही असलं, तर बयाबाई गप्प बसत असे.

कस्तुराबाईचं लक्ष आधणाकडं होतं. पाणी खळखळलं तसं तिनं पातेलं खाली उतरवलं, पत्ती टाकली, वर ताटली झाकली आणि हात गुडघ्यावर ठेवून बसली. त्यांच्या गावात, कान्ह्यात, चहा म्हणजे गूळ घालून विस्तवावर रटरटू द्यायचा, पार काढा होईस्तोवर. ही पत्ती तसली नव्हती. हिला उकळलं की रुसते, हे ती लोणावळ्याच्या बंगल्यावर कामाला जाऊन शिकली होती.

तिथल्या बाईंनी पहिल्यांदा हा चहा पुढं केला, तेव्हा तिला वाटलं, दूध संपलंय आणि बाईंना सांगायची लाज वाटतेय. मग तिनं घोट घेतला. कडुलिंबाचं झाड फुललेलं असावं आणि सकाळी त्याच्याखालनं पाण्याला जावं, तसा वास. जिभेवर जरासा कडू, आणि गिळून झाल्यावर मागं कुठंतरी गोड. साखर रेशनवर होती, पण याला ती लागतही नव्हती. तेव्हापासून दुपारची भांडी उरकली की ती मागल्या पायरीवर बसून एक कप सावकाश पीत असे. दिवसभरात तिची तेवढीच एक गोष्ट अशी होती, की जिच्यात दुसऱ्या कुणाची सोय नव्हती.

आता बाईंनी विचारलं होतं: रोज गाडीनं ये-जा करण्यापेक्षा बंगल्यामागची खोली घे, सगळा स्वयंपाक तुझ्याकडं, सासूलाही आण. वर ही पत्ती पुडीत बांधून दिली. उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं. कस्तुराबाईचं उत्तर तयार होतं. अडलं होतं ते सासूपाशी. सोपान आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, एवढं एकच ती म्हणे. सोपान म्हणजे तिचा लेक, कस्तुराबाईचा नवरा. मुंबईला गिरणीत होता. येत्या दिवाळीला येणार होता, आणि ही येती दिवाळी कैक वर्षं येतच होती.

म्हणून आज त्याच गिरणीतल्या त्याच्या चुलतभावाला, रजेवर गावी आलेल्या अंबाजीला, विचारायला बोलावलं होतं. ओसरीवर टेकल्या टेकल्या त्यानं नेहमीचं सांगून टाकलं. सोपान खुशाल आहे, काम लय आहे, रजा मिळत नाही, या दिवाळीला नक्की. तवर घर हलवू नका. हे सांगताना तो दर खेपेला म्हशीकडं बघायचा. कस्तुराबाईला त्यावरूनच सगळं उमगलं होतं, फार पूर्वी. म्हातारीला कळलं नसावं, म्हणून ती बोलत नव्हती इतकंच.

तिनं चहा गाळला. मधासारखा रंग आला होता. जपून ठेवलेल्या कपबश्या काढल्या, आणि सांडू नये म्हणून खाली बघत, एक शब्द न बोलता, पहिला कप अंबाजीपुढं ठेवला.

अंबाजीनं कपात पाहिलं, मग तिच्याकडं. त्याचा चेहरा उतरला.

तेव्हा कुठं कस्तुराबाईच्या ध्यानात आलं. गावात बिनदुधाचा चहा एकाच प्रसंगी होतो. घरात मयत झालं, चूल थंड पडली, की शेजारीण कोरा चहा घेऊन येते आणि माणसं मान खाली घालून पितात. घरात दूध असलं तरी त्यात घालत नाहीत. बंगल्याच्या सवयीनं ती साफ विसरली होती.

"वैनी, तसलं काय न्हाई," अंबाजी म्हणाला. "त्यो जित्ता हाय. धडधाकट हाय." मग आवाज खाली आणून, "तुमास्नी कुणी काय सांगितलं?"

दूध दोन हातांवर होतं. उठून ओतलं असतं, हसून चूक झाली म्हटलं असतं, तर येती दिवाळी पुन्हा जागच्या जागी गेली असती. पण ही पत्ती दुधानं नासवायची कस्तुराबाईला इच्छा नव्हती. रीत नसताना, दिरासमोर आणि सासूच्या पुढ्यात, तिनं आपला कप उचलला आणि शांतपणे घोट घेतला. लिंबाचं झाड इथंही फुललं.

बयाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपला चहा बशीत ओतला, वास घेतला, फुर्रकन ओढला. बशी संपवली, उरलेला ओतला, तोही संपवला. पदरानं ओठ पुसले.

"जरा कडू हाय," ती म्हणाली. "पर ग्वाड लागतोय."

अंबाजीनं मान हलवली आणि पुन्हा म्हशीकडं बघितलं.

"तिकडं काय बघतोस, अंबाजी? त्यानं तितं दुसरं घर केलंय. त्यो हितं यायचा न्हाई." बयाबाईनं रिकामी बशी सुनेपुढं सरकवली. "उद्या बाईला व्हय म्हणून सांग. म्हशीला जागा हाय का तेबी इचार. अन् वत अजून, कस्तुरे. दूध नगं. आज आपल्या घरी कोराच करत्यात."