पांढऱ्या पट्ट्यापर्यंत

उजवा पाय, डावा पाय, गिरकी, रुमाल वर. उजवा पाय, डावा पाय, गिरकी, रुमाल वर. उजवा पाय, डावा

शिट्टी.

नाथाचा पाय उचललेलाच राहिला. त्याच्या खाली महामार्गाचा पांढरा पट्टा होता. मागून येणारे अकरा जण एकमेकांना धडकले. झांजा थांबल्या. सुग्रीवचा ढोल शेवटी थांबला.

"पट्ट्याच्या आत पाय टाकायचा न्हाई," हवालदार अमरसिंह म्हणाला. "तिसऱ्यांदा सांगायलोय मी."

"सायेब, देव पट्ट्याला चिकटूनच हाय. फेरा घालायचा म्हणल्यावर त्याच्या मागून जावंच लागतंय."

परवानगीच्या कागदावरची अट क्रमांक सात. महामार्गाच्या हद्दीत कोणताही कलाकार, वाद्य अथवा प्रेक्षक येणार नाही. उल्लंघन झाल्यास परवानगी आपोआप रद्द समजण्यात येईल.

युसूफ वडगावच्या पुढच्या फाट्यावर बिरोबाचा शेंदरी धोंडा आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा धोंडा वाचला, धोंड्यामागची जागा गेली. आता पट्टा आणि देव यांच्यात वीतभर माती उरली आहे.

"मग देवालाच नोटीस द्या की," मागून परमेश्वर म्हणाला. "अतिक्रमण त्याचंच हाय."

"गप बे." अमरसिंहला हसू आलं होतं, ते त्याने मिशीत दाबलं. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत पट्ट्यालगत गेला. बाराही जणांचे झब्बे फडफडले.

पलीकडे बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत धुळाजी बसला होता. नाथाचा बाप. चाळीस वर्षं गजाच्या, या धनगरी नाचमेळ्याच्या, पुढे तोच नाचला. मनगटावर सलाईनची चिकटपट्टी अजून तशीच होती, आणि त्याच हातात पिवळा रुमाल. पाच फेरे पुरे झाले की तो रुमाल त्याने नाथाला द्यायचा, म्हणजे गजा नाथाचा. पुढच्या वर्षी दिला तरी चालेल, असं अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले नव्हते.

"पाचच मिंटं गाड्या थांबवा," नाथा म्हणाला.

"मला वरून आदेश लागतो त्याला. कोण आलं एखाद्या गाडीखाली, तर घरी बसायचं मी. मला काय हौस हाय का?"

त्याला हौस नव्हती हे दिसत होतं. त्याने परवानगीचा कागद पुन्हा उलगडला, पुन्हा वाचला. मग काठी घेतली आणि मातीत अर्धा गोल काढला.

"हे बघा. हितून सुरू करायचं, पट्ट्यापर्यंत जायचं. तिथून त्याच वाटेनं उलटं यायचं. जायचा अर्धा, यायचा अर्धा, झाला का न्हाई एक? असे पाच घाला. तुमचं बी झालं, माझं बी झालं."

वाट सापडली म्हणून तो खूश झाला होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

गजातला माणूस मेला की उचलायच्या आधी त्याच्याभोवती उलटे फेरे घालतात. एरवी कधीच नाही. उलटा पाय तालमीतसुद्धा कोणी टाकत नाही.

अमरसिंहला हे सांगावं असं नाथाला वाटलं. सांगितलं तर तो म्हणेल, मग नका नाचू. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. परवानगी साडेदहापर्यंत होती.

नाथा बापाजवळ जाऊन बसला.

"आबा, असाच द्या रुमाल."

"फेऱ्याबिगर?"

"फेऱ्याबिगर."

"कावून? चोरीचा माल द्यायलोय का मी तुला?"

"मग वाड्यावर चला. मेंढरात घालू फेरे."

"देव हितं हाय."

धुळाजी मातीतला अर्धा गोल बघत होता. मग त्याने खुर्चीचे हात धरले.

"खुर्ची उचल माझी."

"घरी जायचं?"

"मधी. देवाच्या म्होरं."

"आबा, न्हाई."

"मग देवाला उलटं फिरतोस व्हय? त्याला कशाला? मी हाय की."

नाथा उठला नाही. शेवटी परमेश्वर आणि सुग्रीवने खुर्ची उचलली, म्हाताऱ्यासकट, आणि धोंड्यापुढे ठेवली. अमरसिंहने वाकून पट्टा पाहिला, खुर्चीचे पाय पाहिले.

"हां, खुर्ची चालंल," तो म्हणाला. "सावलीत होते तर बरं होतं, बाबा."

"आता काय उनाचं," धुळाजी म्हणाला.

त्याने डोक्याचा पटका स्वतःच्या हाताने काढला आणि मांडीवर ठेवला. पटक्यावर पिवळा रुमाल ठेवला. उघडं डोकं लहान दिसत होतं. सुग्रीवने ढोल गळ्यात घेतला आणि नाथाकडे पाहिलं. नाथाने देवाकडे पाहिलं. देवाचं तोंड खुर्चीआड गेलं होतं.

"घाल," धुळाजी म्हणाला. "दहा मिंटं बी न्हाईत."

ढोल.

उजवा पाय, डावा पाय, गिरकी, रुमाल वर. उजवा पाय, डावा पाय, गिरकी, रुमाल वर.

पट्टा.

शिट्टी वाजली नाही. ढोल वाजत राहिला. बारा जण उभे राहिले. समोरून एसटी गेली, खिडक्यांतून माणसं बघत गेली. अमरसिंहने काठीने माघारीची वाट दाखवली, हळूच, एखाद्या पाहुण्याला दाखवावी तशी.

वर रुमाल, गिरकी, पाय डावा, पाय उजवा. वर रुमाल, गिरकी, पाय डावा, पाय उजवा.

"एक," धुळाजी म्हणाला.