कोपऱ्यावरचा आवाज

शिवलिंगप्पांच्या जुन्या फियाटचा सायलेन्सर फुटलेला होता, त्यामुळे ते घरी येत असल्याची बातमी अर्ध्या जुळे सोलापूरला आधीच मिळायची. त्यांची बायको ईरम्मा कोपऱ्यावरचा तो आवाज ऐकूनच चहा टाकायची. ती वारली, तरी कुलूप उघडून आत आलं की ओट्यावर गरम चहा असायचाच. अप्पांनी हे कुणाला सांगितलं नाही. आयत्या चहाची चौकशी कोण करतं?

"अप्पा, सायलेन्सर बदला की आता. बाळ लई दचकतंय," शेजारचा सुमित म्हणाला.

बाळापुढे इलाज नव्हता. रविवारी अप्पांनी अंगणातच गाडी जॅकवर चढवली, गंजलेले बोल्ट सोडवले, नवा सायलेन्सर बसवला आणि जुना भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी एक चक्कर मारली. गाडी मांजरासारखी अंगणात परतली.

ओटा कोरडा होता.

अप्पा खुर्चीत बसून राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "अगं, आलोय की मी."

तेवढ्यात कोपऱ्यावर तो जुना, फुटका आवाज आला. जवळ येत येत गेटपाशी थांबला. त्यांची फियाट तर खिडकीतून समोरच दिसत होती.

आत गॅस पेटला.

"आले वाटतं," ईरम्माचा आवाज म्हणाला, आणि बांगड्या किणकिणत अप्पांच्या खुर्चीला वळसा घालून दाराकडे गेल्या.