उताऱ्यात नाही

“हेही चुकलं,” लेक म्हणाली आणि आईच्या उत्तरावर लाल काट मारली.

उतारा एका दीपगृहाच्या राखणदारावर होता. म्हातारा खडकावर एकटा राहायचा. मुलगा वर्षातून एकदा होडीनं यायचा, सामान उतरवून परत जायचा. खाली विधान होतं: मुलाचा बापावर फार जीव होता. खरं, खोटं, की उताऱ्यात नाही? आईनं ‘खरं’भोवती गोल केला होता.

“अगं, पोटचा मुलगा आहे तो. जीव नसता तर एवढ्या लाटांतून कशाला आला असता?”

“येतो, एवढंच लिहिलंय. का येतो ते कुठे लिहिलंय? आपल्या मनातलं घालायचं नाही, आई.”

आईची ही नेहमीची खोड. इंग्रजी तिनं कधीच आवाक्यात आणलं होतं. उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला होता. एका शब्दाचा अर्थ कळत नसताना तिनं इंग्रजी पत्रिका अक्षर अक्षर लावून छापायला दिल्या होत्या. आता लेकीनं रोज संध्याकाळी पुढ्यात बसवून तीच अक्षरं बोलती केली होती. पण ‘उताऱ्यात नाही’ आलं की आई हटकून फसायची. मोकळी जागा दिसली की तिला ती भरल्याशिवाय राहवायचं नाही.

आईचा मुलगा परदेशात होता. नवरा गेल्यावर आईनं लेकीला स्पष्ट सांगितलं होतं की आता मला त्याच्याकडे राहायचंय. नातवाला तिनं अजून मांडीवर घेतलं नव्हतं, आणि तो मांडीत मावेनासा व्हायला लागला होता. लेक भावाशी बोलली. मग म्हणाली की जाता येईल, पण तिथल्या सरकारची इंग्रजीची परीक्षा आहे. आईवडिलांनाही द्यावी लागते, आणि त्यात वाचनाचा पेपर भल्याभल्यांना रडवतो. पास होईपर्यंत त्याच्याजवळ मात्र अवाक्षर काढायचं नाही, उगाच हसं व्हायला नको. आईला ते पटलं. एकदा मित्रांसमोर तो तिच्या इंग्रजीला हसला होता. त्यामुळे रविवारी त्याचा फोन आला की तो तिथल्या थंडीबद्दल आणि पोराच्या सर्दीबद्दल बोलायचा आणि आई जीभ चावून ऐकायची.

हल्ली मात्र तिची उत्तरं बरोबर यायला लागली होती. ती जसजशी सुधारली तसतसे उतारे अवघड होत गेले. आधी मधमाश्या होत्या, मग ज्वालामुखी आले, मग कुठल्याशा कोर्टाचा निकाल. परीक्षेचं विचारलं की लेक म्हणायची, पुढच्या खेपेला बघू.

शेजारची निवृत्त मास्तरीण हे सगळं गॅलरीतून ऐकत असायची. तिनं एकदा आईचे पेपर मागून घेतले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली की माझ्या वर्गात असतीस तर तुला पहिल्या बाकावर बसवलं असतं. मग आवाज खाली आणून बोलली, “तू गेलीस तर दवाखान्यातून आल्यावर हिच्या हातात आयता चहा कोण देणार? बघ बाई, मी आपलं सुचलं ते बोलले.”

आईनं तिला तिथल्या तिथे झटकलं. लेक दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या कुरकुरी ऐकून घरी यायची, तिच्या चहाचा हिशोब काय करायचा? पण कुसळ रुतावं तसं ते वाक्य रुतून बसलं.

त्याच आठवड्यात आईचं एकही उत्तर चुकलं नाही. लेकीनं पेपर तपासला, पुन्हा तपासला. तिचा चेहरा उतरला. “हा सोपाच होता,” ती म्हणाली आणि पिशवीतून दुसरा काढला.

आईनं पेन खाली ठेवलं. “मी जायला नकोय तुला.”

लेक कागदांना टाचण्या लावत राहिली. “तसं समज.”

“आयती मोलकरीण सुटेल ना हातची.”

“चहा निवतोय, आई.”

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि पत्ता विचारत परीक्षा केंद्र गाठलं. काउंटरवरच्या मुलीनं तिला बसायला खुर्ची दिली, कुठे जायचंय, कोणाकडे जायचंय ते विचारलं, कॉम्प्युटरवर पाहिलं, मग आत जाऊन साहेबांना विचारून आली.

“आजी, मुलाकडे राहायला जायचं तर ही परीक्षा लागत नाही.”

“नियम बदलला का?”

“नाही हो. आधीही नव्हती लागत. मुलानं तिकडून अर्ज केला की झालं.”

आई जिन्यात आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मधमाश्या, ज्वालामुखी, कोर्टाचे निकाल. दोन वर्षं हिनं आपल्याला खुंटीला बांधून चारा घातला. पोटच्या पोरीनं. मास्तरणीला आपण उगीच झटकलं.

घरी जाऊन लेकीची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता. तिनं तिथूनच मुलाला फोन लावला. तिकडे पहाट असणार, असू दे. त्यानं घाबऱ्या आवाजात काय झालं म्हणून विचारलं, आणि आईनं एका दमात सगळं ओतलं. परीक्षेचं, लाल काटांचं, ताईनं केलेल्या फसवणुकीचं. तू फक्त अर्ज कर, ती म्हणाली, बाकी मी बघते, तिचं तोंडही बघायचं नाही मला.

 पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि मुलगा दबक्या आवाजात बोलू लागला.

“आई, तुझं इथे जमायचं नाही, हे मी ताईला तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, तू काही बोलू नकोस, आईला माझं मी सांगते.”