अप्पांचं बक्षीस

वाघ मारला म्हणून सुभेदारानं अप्पांना बक्षीस दिलेलं रिव्हॉल्व्हर अस्सल आहे का, हे बघायला कमठाण्याच्या काशप्पांनी बिदरहून जुन्या हत्यारांचे जाणकार श्रीनाथरावांना बोलावलं. पुरावा म्हणून वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, रिव्हॉल्व्हर धरलेला फोटो भिंतीवरून उतरवला.

श्रीनाथरावांनी भिंगातून दोन्ही वस्तू पाहिल्या. "रिव्हॉल्व्हर अस्सल आहे. पण असे फोटो मी आणखी चार घरांत बघितलेत. हीच खुर्ची, हाच पडदा, मुठीवर हाच टवका. रुबाब दिसावा म्हणून फोटोवाला हेच रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तुमच्या अप्पांनंतर ज्यांनी त्याच्याकडे फोटो काढून घेतले, त्या सगळ्यांच्या हातात मात्र छडी आहे."





चहा घेऊन आलेली काशप्पांची बायको चन्नव्वा म्हणाली, "आमच्या लग्नात फोटोवाला आल्या आल्या अप्पा मळ्यात कामून पळाले, ते आज कळालं."