रेन्ता घरी पोचला का?

निगाताच्या इस्पितळात सानाएचे वडील दोन दिवस एकच विचारत होते, "तो रेन्ता शेवटी घरी पोचला का गं?" वर्षभरात ते जवळजवळ सगळं विसरले होते. राहिला होता तो रेन्ता, तीस वर्षांपूर्वीच्या एका व्हिडिओ गेममधला मुलगा. "पोचला," म्हटलं की ते पेजेचा चमचा दूर सारत. "उगाच समजूत काढू नकोस. नक्की ठाऊक असेल तर सांग."

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतचीच आशा दिली, तेव्हा सानाएने इंटरनेटवर त्या गेमच्या चाहत्यांना विचारलं. त्यांच्या चर्चेचा धागा हजार उत्तरं झाली की बंद होई, आणि आठशे आधीच भरली होती.

"पहिल्या गेममध्ये पोचतो. तोच खरा."

"नव्या गेममध्ये तो बर्फात मरतो. कंपनीचं अधिकृत पुस्तक उघडा जरा, ताई."

"ते पुस्तक कंपनीचं, लेखकाचं नाही. फुकट दिलं तरी घेणार नाही मी."

"कृपा करून भांडू नका," सानाएने लिहिलं. "माझ्या वडिलांकडे वेळ नाही. काय ते एकच सांगा."

उरलेली उत्तरंही भांडणातच गेली. हजारावं आलं: "ताई, हे फक्त गेमचे मूळ लेखक ओगिनोमे सांगू शकतील. त्यांनाच विचारा." आणि धागा बंद झाला.

 

पलंगावरून ओगिनोमेंनी लेकीला हळूच विचारलं, "काय म्हणाले गं सगळे?"