पायवाट

विमानातून काढलेले फोटो तपासून तपासून तिची नजर अशी तयार झाली होती, की बाजारात सख्खी नणंदसुद्धा ओळखू येत नसे, पण वरून एकदा पाहिलेला डोंगर डोक्यातून जात नसे. आजच्या फोटोत माहेरच्या घरामागच्या उतारावर विळ्यासारखी वाकडी रेघ होती. "नवी पायवाट दिसतेय," सहकारी म्हणाला. तिने फोटो मोठा करून पाहिला. पायवाट कुठेतरी पोचते. ही दोन्ही टोकांना नुसतीच विरत होती. अशीच रेघ तिने पूर्वी एका डोंगरावर पाहिली होती; तिथल्या पुढच्या फोटोत खालचं गावच नव्हतं, नुसती घसरलेली माती होती. तिने आईला फोन लावला. "बरं झालं केलास," आई म्हणाली. "सकाळपासून दार नीट लागत नाहीये. सुताराला बोलावलंय." "आई, सुतार राहू दे. आहेस तशी बाहेर पड." "अगं, कशी पडू? आत्ताच खांद्याने रेटून लावलं, आता उघडतच नाही."