नोएमीची पावलं

मुलांनो, समजा तुम्ही जिनिव्हातल्या एका शाळेच्या लाकडी हॉलमध्ये अनवाणी उभे आहात.

पियानोवर म्हाताऱ्या मादाम जाकिए आहेत. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना घरी पडून राहायला सांगितलं होतं, तरी त्या आल्याच. त्या मनाला येईल ती लय वाजवतात आणि ती ऐकून झाली की मुलं ती पावलांनी चालून दाखवतात.

आज नोएमी मात्र लय वाजण्याआधीच ती पावलांनी चालून दाखवत होती.

"मादाम, ही पुढेपुढे करतेय!" आलोई ओरडला.

"तू तुझे पाय सांभाळ, बेडका," मादाम म्हणाल्या.

मग त्यांनी मुद्दाम ऐन वेळी लय बदलली. नोएमीची पावलं ती बदललेली लय आधीच चालून गेली होती.

"बाळ, तुला आधीच कसं कळतं?"

"आधी कुठे, मादाम? तुमचं वाजवून झाल्यावरच तर चालतेय मी."

मादाम हसल्या आणि पुन्हा वाजवू लागल्या.

नोएमी थोडी चालली आणि मध्येच थांबली. तिने कान देऊन पाहिलं, पण तिला पियानो ऐकूच येईना. बाकीची मुलं मात्र चालतच होती, मादामची बोटंही अजून पियानोवर फिरत होती.

नोएमी धावत मादामच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीला घट्ट आधार देऊन उभी राहिली.